आधी वही, मग मनगट: शिवाजी पार्कच्या आमच्या धावगटाच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२४, रविवार

प्रकल्पाची कल्पना मागच्या रविवारच्या एका प्रसंगातून सुचली. शिवाजी पार्कला पाच फेऱ्या, म्हणजे साधारण सहा किलोमीटर, धावून झाल्यावर आमचा सातजणांचा गट कट्ट्यावर बसला होता आणि मी शेजारी बसलेल्या, रुग्णालयात परिचारिका असलेल्या सिस्टरना, "आज कसं वाटलं?" असे सहज विचारले. उत्तर देण्याआधी त्यांनी मनगट वळवून नाडी, वेग आणि झोप मोजणारे घड्याळ पाहिले. मग मी तोच प्रश्न एकेकाला विचारत गेले, तेव्हा सहाजणांपैकी पाचजणांनी आधी घड्याळ पाहिले आणि मगच उत्तर दिले. सहावे म्हणजे उपनगरी रेल्वेतून मोटरमन म्हणून निवृत्त झालेले काका. त्यांच्याकडे असे घड्याळ नाही, आणि "पहिल्या तीन फेऱ्या छान गेल्या, चौथीला डावी पोटरी धरली, पाचवी नेटानं काढली," असे नेमके उत्तर त्या दिवशी एकट्या त्यांनीच दिले.

ही गोष्ट आठवडाभर मनातून जाईना, कारण तीच सवय मलाही लागली आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, मोजमापाचे मोल मला ठाऊक आहे, आणि ही उपकरणे काढून टाकावीत असे मला मुळीच वाटत नाही. परंतु स्वतःच्या श्रमाबद्दल, झोपेबद्दल किंवा थकव्याबद्दल एक शब्द बोलण्याआधी यंत्राकडे पाहावे लागत असेल, तर आतली जाण वापराविना बोथट होत जाईल, ही शंका तपासून पाहावी असे वाटले. गटातील सर्वांचे लक्ष्य येत्या जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनमधली हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१.०९७ किलोमीटर, हे आहे. त्यामुळे हाताशी साडेपाच महिने आहेत.

नियम एकच ठरला: आधी वही, मग मनगट. सकाळी उठल्यावर फोन हातात घेण्यापूर्वी झोपेला १ ते ५ पैकी एक आकडा द्यायचा आणि अंग कसे आहे ते एका शब्दात लिहायचे. धावताना घड्याळाच्या पडद्यावर कागदी चिकटपट्टी लावायची, म्हणजे नोंद होत राहील पण दिसणार नाही. धावून झाल्यावर अर्ध्या तासाने श्रमाचा आकडा, सरासरी नाडीचा अंदाज आणि वेगाचा अंदाज लिहायचा, आणि त्यानंतरच पट्टी काढून घड्याळाचे आकडे शेजारच्या रकान्यात उतरवायचे. अर्धा तास थांबण्याची पद्धत अमेरिकी व्यायामशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांची आहे. शेवटच्या चढाची धाप ओसरल्याशिवाय माणूस संपूर्ण सरावाचा हिशेब नीट सांगू शकत नाही, हे तिच्यामागचे कारण. श्रमाचा आकडा गुणिले मिनिटे, एवढ्या साध्या गुणाकारातून त्या दिवसाचा भार निघतो आणि त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

काकांना नाडी मोजणारा माझा छातीचा पट्टा द्यायचा ठरला. त्याचे आकडे माझ्या फोनवर येतील आणि काकांना ते नंतरच कळतील.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

आजचा सगळा वेळ शब्दांवर गेला आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही.

श्रम मोजण्यासाठी आम्ही स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची मोजपट्टी घेतली आहे. ती ६ पासून सुरू होऊन २० वर संपते, आणि हे विचित्र वाटणारे आकडे निवडण्यामागे एक हिशेब आहे: निरोगी प्रौढ माणसाने सांगितलेल्या आकड्याला १० ने गुणले की त्याची त्या वेळची नाडी ढोबळमानाने मिळते. म्हणजे ६ हा विश्रांतीचा आणि २० हा कमाल श्रमाचा आकडा. व्यायामशाळांच्या भिंतीवर या मोजपट्टीचे इंग्रजी तक्ते लावलेले असतात, परंतु गटातल्या चौघांना त्या शब्दांचा स्वतःच्या छातीशी आणि पायांशी काही संबंध लागेना. १३ म्हणजे नेमके काय, हे प्रत्येकजण आठवून आठवून सांगत होता.

म्हणून आम्ही आपले शब्द गोळा केले. दम लागणे आणि धाप लागणे यांत फरक आहे, हे सर्वांना एकदम पटले: दम लागलेला माणूस बोलू शकतो, धाप लागलेल्याचे वाक्य मध्येच तुटते. पाय भरून येणे वेगळे आणि पायांत गोळे येणे वेगळे. अंग जड असणे, अंग मोडून येणे आणि कसकस वाटणे या तिन्हींचा आपल्याकडे वेगवेगळा अर्थ होतो, आणि तिसऱ्या शब्दात तापाची चाहूल असते. शेवटी मोजपट्टी अशी ठरली: ९ म्हणजे गप्पा चालू, ११ म्हणजे दम कळतो, १३ म्हणजे लांब वाक्य जमत नाही, १५ म्हणजे धाप, १७ म्हणजे ऊर फुटतो, १९ म्हणजे पाय उचलत नाहीत.

घरी आल्यावर सुश्रुतसंहितेतील बलार्धाची कल्पना आठवली. व्यायाम आपल्या बळाच्या अर्ध्यापर्यंतच करावा असे तेथे सांगितले आहे, आणि अर्धे बळ खर्ची पडले हे ओळखण्याची खूण म्हणून हृदयस्थानातील वायू मुखाकडे येऊ लागतो, म्हणजे माणूस तोंडाने श्वास घेऊ लागतो, असे वर्णन आहे. आजचे प्रशिक्षक धावताना बोलता येते का ते तपासायला सांगतात, तीही श्वासाचीच खूण आहे. आमच्या मोजपट्टीवर ती साधारण १२ आणि १३ च्या दरम्यान पडते.

२५ ऑगस्ट २०२४, रविवार

यंत्राच्या चुकांची पहिली ठळक नोंद आज झाली. गटातील सर्वांत तरुण मुलगा ठाण्याहून येतो आणि संगणक क्षेत्रात काम करतो. त्याने श्रम ११ लिहिले, नाडीचा अंदाज १३० लिहिला आणि पट्टी काढल्यावर घड्याळात सरासरी १७२ दिसली. "ताई, म्हणजे मला माझंच कळत नाही," असे तो लगेच म्हणाला. मी त्याला घड्याळातील पावलांची गती पाहायला सांगितली. तीही मिनिटाला १७२ च होती.

मनगटावरचा सेन्सर हिरवा प्रकाश त्वचेत सोडतो. रक्त तो प्रकाश चांगला शोषून घेते, त्यामुळे प्रत्येक ठोक्यासरशी परत येणारा प्रकाश किंचित कमीजास्त होतो आणि त्या चढउतारावरून घड्याळ नाडी काढते. पट्टा सैल असेल, मनगट घामाने किंवा पावसाने निसरडे झाले असेल, तर हात हलण्याचा ताल ठोक्याच्या तालावर मात करतो आणि यंत्र पावलेच नाडी म्हणून मोजू लागते. त्वचेवर गोंदण असल्यास शाई प्रकाश अडवते, आणि या मुलाच्या मनगटावर नेमके तेथेच गोंदण आहे. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, म्हणून धावताना तो अधिक भरवशाचा ठरतो.

सिस्टरनी सर्वांना बोटांनी नाडी मोजायला शिकवले: अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे, १५ सेकंद, गुणिले ४, आणि मोजताना अंगठा वापरायचा नाही, कारण त्याची स्वतःची धडधड हाताला लागते. पुन्हा एक फेरी धावून मुलाने थांबताक्षणी मोजले तेव्हा ३४ ठोके आले, म्हणजे १३६. थांबल्यावर नाडी भराभर उतरते हे धरूनही त्याचा अंदाज घड्याळापेक्षा पुष्कळ जवळचा होता. त्याच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहून मला फार बरे वाटले.

८ सप्टेंबर २०२४, रविवार

गणपती बसले आहेत आणि पाऊसही आहे. तिघांच्याच वह्या भरल्या गेल्या आहेत, म्हणून तुलना करण्यासारखे काही नाही.

१९ सप्टेंबर २०२४, गुरुवार

परवा विसर्जन झाले. गटातील बहुतेकांची रात्र मिरवणुकीत किंवा ढोलांच्या आवाजात गेली. झोपेबद्दल लिहायला हाच दिवस योग्य आहे.

सिस्टरनी सांगितलेला अनुभव त्यांच्या शब्दांत उतरवते. "मॅडम, रात्रपाळी संपवून घरी आले, साडेचार तास झोपले, उठले तेव्हा अंग हलकं होतं. डबा केला, मुलाला शाळेत सोडलं. मग घड्याळात पाहिलं तर झोपेला शंभरपैकी ३८ गुण. तिथून दिवसभर मला थकल्यासारखंच वाटत राहिलं." वहीत मात्र सकाळचा आकडा ४ होता आणि शब्द होता 'ताजी'.

झोपेच्या अवस्था प्रयोगशाळेत ठरवताना मेंदूचे, डोळ्यांच्या हालचालींचे आणि स्नायूंचे विद्युत संकेत नोंदवतात. मनगटाला यांपैकी काहीच दिसत नाही. ते हालचाल आणि नाडी यांवरून अंदाज बांधते. एकूण किती तास झोपलो याचा अंदाज बऱ्यापैकी जमतो, पण गाढ झोप किती आणि स्वप्नांची किती हे सांगताना त्याचा पाया कच्चा असतो. तरीही आकडा समोर आला की माणूस त्यावर विश्वास ठेवतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सहभागी व्यक्तींना त्यांच्या झोपेच्या दर्जाविषयी बनावट आकडे सांगण्यात आले, आणि नंतरच्या बौद्धिक चाचण्यांतील कामगिरी त्यांना स्वतःला झोप कशी वाटली होती याच्यापेक्षा त्यांना काय सांगितले गेले यानुसार बदलली. २०१७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी झोपेचे आकडे परिपूर्ण करण्याच्या ध्यासातून वाढणाऱ्या अस्वस्थतेला 'ऑर्थोसोम्निया' असे नावही दिले.

निर्णय असा झाला की झोपेचे गुण दुपारी बाराच्या आधी कोणीही पाहायचे नाहीत. सिस्टरनी रात्रपाळीच्या दिवशी ते अजिबात न पाहण्याचे ठरवले आहे. रुग्णांच्या औषधांचा हिशेब ठेवणाऱ्या बाईंनी आपल्या ताजेपणावर सकाळीच अविश्वास दाखवत वॉर्डात शिरू नये, असे मला मनापासून वाटते. अर्थात खरोखरच झोप अपुरी असेल, तर ती वहीतही दिसलीच पाहिजे. म्हणून रात्रपाळीच्या दिवशी सिस्टर झोपेचे तास भिंतीवरच्या घड्याळावरून लिहितील.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

पाऊस ओसरला आणि उकाडा सुरू झाला. पहाटे साडेपाचलाही हवा दमट होती. आज १४ किलोमीटर होते, शिवाजी पार्कहून वरळीच्या दिशेने जाऊन परत.

सर्वांच्या नोंदींत एकच आकृती दिसली: वेग वाढला नसतानाही नाडी शेवटपर्यंत चढत गेलेली आणि श्रमाचे आकडेही तिच्यासोबत चढलेले. घाम नुसता येऊन उपयोग नसतो, तो वाळला तर अंग थंड होते, आणि मुंबईच्या दमट हवेत तो वाळत नाही, ओघळतो. शरीर थंडाव्यासाठी अधिकाधिक रक्त त्वचेकडे पाठवते, घामावाटे रक्तातील पाणी कमी होते, एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त घटते आणि तूट भरून काढण्यासाठी हृदयाला ठोके वाढवावे लागतात. त्यामुळे आजच्या दिवशी ॲपने दिलेला वेगाचा कार्यक्रम पाळणे चुकीचे होते. ज्यांनी दमाकडे पाहून वेग सोडला ते तिघे शेवटपर्यंत धावले, आणि ज्यांनी कार्यक्रम पाळला त्यांपैकी दोघे शेवटचे दोन किलोमीटर चालले.

ठाण्याच्या मुलाच्या वहीत एक वेगळी ओळ होती: 'बाराव्या किलोमीटरला घामातही अंगावर शहारा आला.' त्याने ती सहज लिहिली होती. भर उकाड्यात धावताना शहारे येणे किंवा थंडी वाजल्यासारखे होणे ही उष्णतेचा त्रास सुरू झाल्याची खूण असू शकते आणि तेव्हा थांबून सावलीत जायचे असते, हे मी सर्वांना समजावून सांगितले आणि वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहायला लावले. कोणत्याही घड्याळाने त्याला ही खूण दाखवली नव्हती.

काकांची गोष्ट लांबीने लिहायला हवी. त्यांचे वय ६१. २२० मधून वय वजा करण्याच्या प्रसिद्ध सूत्राने त्यांची कमाल नाडी १५९ येते. आज छातीच्या पट्ट्यावर शेवटच्या चढाला १६८ दिसली आणि त्यांनी श्रम १५ लिहिले होते. माझ्या ॲपने त्यांचे जवळजवळ निम्मे धावणे लाल पट्ट्यात, म्हणजे धोक्याच्या रंगात, दाखवले. ते सूत्र १९७० च्या सुमारास अनेक माणसांच्या आकड्यांमधून काढलेली एक ढोबळ रेषा आहे. २००१ मध्ये आलेले सुधारित सूत्र, म्हणजे २०८ वजा वयाच्या ०.७ पट, काकांना १६५ देते. तरीही दोन्ही सरासरी आहेत, आणि खऱ्या माणसाची कमाल नाडी सरासरीपासून दहा-बारा ठोके इकडे किंवा तिकडे असणे अगदी सामान्य आहे. काकांनी जूनमध्ये हृदयरोगतज्ज्ञांकडे ट्रेडमिलवरची तपासणी करून घेतली होती आणि अहवाल चांगला आहे, म्हणूनच मी निर्धास्त राहिले. तसा अहवाल नसता, तर दमाची खूण काहीही सांगत असली तरी मी त्यांना थांबवले असते.

मी विचारले, "काका, आकडा न बघता तुम्हाला एवढं कसं सांगता येतं?" ते म्हणाले, "मॅडम, वेगाचा काटा आमच्यासमोर कायम असायचा आणि तो बघावाच लागतो. पण गाडी किती भरली आहे ते काटा सांगत नाही. विरारची भरलेली गाडी आणि दुपारची रिकामी गाडी, ब्रेक लावला की हाताला वेगळी लागते. नवीन असताना काट्यावर जास्त लक्ष असायचं. पुढे दोन्हींकडे ठेवायला शिकलो."

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

ही नोंद माझ्या स्वतःच्या चुकीची आहे, आणि प्रकल्पातील सर्वांत उपयोगी नोंदींपैकी एक असावी.

माझी सकाळची विश्रांतीची नाडी बहुधा ५८ च्या आसपास असते. मंगळवारी ती ६५ होती, बुधवारी ६७. दोन ठोक्यांमधल्या अंतरातला स्वाभाविक कमीजास्तपणा, जो शरीर निवांत असताना वाढतो आणि ताणाखाली घटतो, तोही दोन्ही दिवस नेहमीपेक्षा बराच कमी होता. वहीत मात्र मी दोन्ही सकाळी 'छान' असा शब्द लिहिला होता. बुधवारी मी सहा फेऱ्या जोरात धावले. गुरुवारी दुपारी वर्गात शिकवताना कसकस सुरू झाली आणि रात्री १०२ ताप चढला. रक्त तपासले, डेंग्यू आणि मलेरिया दोन्ही निघाले नाहीत, विषाणूचा साधा ताप होता.

त्या दोन सकाळी मला खरोखर काहीच जाणवत नव्हते का, हे मी अंथरुणावर पडल्या पडल्या पुनःपुन्हा आठवून पाहिले. बुधवारी जिना उतरताना गुडघे किंचित मऊ वाटले होते आणि चहा गोड लागला नव्हता. म्हणजे खूण होती, परंतु त्या आठवड्याचा मोठा सराव चुकवायचा नाही असे मी आधीच ठरवले होते आणि त्या ठरावाने वहीतला शब्द लिहिला. आतली जाण नेहमी खरे बोलते असे मानून हा प्रकल्प चालवला, तर तो भाबडेपणा होईल. इच्छा, ईर्ष्या आणि संकोच यांचा आवाजही आतूनच येतो. अशा वेळी यंत्राला माझ्या उत्साहाशी काही देणेघेणे नसते, हाच त्याचा मोठा गुण.

नवा नियम असा: सकाळची नाडी नेहमीपेक्षा सात किंवा अधिक ठोक्यांनी वर असेल, तर वहीतील शब्द पुन्हा एकदा, या वेळी सावकाश लिहायचा. घड्याळाची सूचना आज्ञा म्हणून घ्यायची नाही, पण तिच्यामुळे स्वतःला दुसऱ्यांदा विचारायचे.

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

आज भाऊबीज आहे, धावायला फक्त काका आणि मी होतो. फराळाच्या आठवड्यात तिघांनी जाळलेल्या कॅलरींचे आकडे पाठवून चकल्यांचा हिशेब मांडला आहे, म्हणून कॅलरींचा रकाना आजपासून बंद करते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणे तपासली होती. सातपैकी सहांनी नाडी पाच टक्क्यांहून कमी चुकीने मोजली, परंतु कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगल्या उपकरणाची सरासरी चूकही २७ टक्के होती. अशा आकड्यावर कोणाचे जेवण ठरू नये.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

पंधरा आठवड्यांच्या वह्या आज कट्ट्यावर मांडून वाचल्या. ऑगस्टमध्ये माझा नाडीचा अंदाज सरासरी १७ ठोक्यांनी चुकत होता. गेल्या चार आठवड्यांत तो ६ ठोक्यांवर आला आहे. सिस्टरची सुधारणा माझ्याहून जास्त आहे, काकांचा अंदाज पहिल्यापासूनच जवळचा होता. वेगाच्या अंदाजात मात्र कोणाचीच फारशी प्रगती नाही, आणि वाऱ्याच्या दिवशी सगळेच चुकतात.

ही सुधारणा घड्याळाशिवाय झाली नसती, हे मला ठळकपणे नोंदवायचे आहे. अंदाज लिहिल्यावर लगेच खरा आकडा समोर येतो, म्हणूनच अंदाज सुधारतो. नुसत्या अंदाजांची वही भरत गेलो असतो तर आपण बरोबर आहोत की नाही हे कधीच कळले नसते. घड्याळ तेच आहे, त्यातले आकडे तेच आहेत, फक्त ते आधी पाहिले तर आपण विचारायचे थांबतो आणि नंतर पाहिले तर शिकतो.

या संदर्भात दोन गोष्टी गटाला सांगितल्या. १९७७ मध्ये विल्यम मॉर्गन आणि मायकेल पोलॉक यांनी अव्वल लांब पल्ल्याच्या धावपटूंचा अभ्यास केला, तेव्हा ते धावताना मन दुसरीकडे गुंतवण्याऐवजी श्वास, पाय आणि स्नायूंचा ताण यांकडे सतत लक्ष देतात आणि त्यानुसार वेग ठरवतात असे दिसले. आणि २०१६ मध्ये ५६ अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या ऑस्ट्रेलियातील संशोधकांना असे आढळले की सरावाचा भार वाढला किंवा कमी झाला की खेळाडूंनी स्वतःबद्दल भरलेल्या साध्या प्रश्नावल्या तो बदल रक्तातल्या आणि हृदयाच्या नेहमीच्या मोजमापांपेक्षा अधिक संवेदनशीलतेने आणि सातत्याने दाखवतात. आपल्या वहीतील 'जड' आणि 'ताजी' या शब्दांना विज्ञानातही वजन आहे, हे ऐकून सिस्टरनी वही छातीशी धरली.

ठाण्याच्या मुलाने मात्र प्रामाणिकपणे सांगितले की तो पट्टी उचलून मध्येमध्ये आकडा पाहतो. त्याला रागावण्यासारखे काही नाही. कारण समजून घ्यायला हवे.

१ डिसेंबर २०२४, रविवार

आज बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या रस्त्याने धावलो आणि सर्वांनी घड्याळे पिशवीत ठेवली. ठाण्याचा मुलगा पहिली दहा मिनिटे रिकामे मनगट चोळत होता. परतताना त्याने मन मोकळे केले. "ताई, नोंद झाली नाही तर धावलोच नाही असं वाटतं. आणि ऑफिसात पावलांची स्पर्धा आहे. रोज दहा हजार झाली नाहीत तर टीमचे गुण जातात. मागच्या महिन्यात गुडघा दुखत होता तरी रात्री साडेअकराला ठाणे स्टेशनच्या फलाटावर फेऱ्या मारल्या."

ते ऐकून मला वाईट वाटले. दहा हजार पावलांचा आकडा कोणत्याही वैद्यकीय प्रयोगातून आलेला नाही. टोकियोच्या ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमध्ये 'मानपो-केइ' म्हणजे दहा हजार पावलांचा मापक, या नावाने एक उपकरण विकायला आले आणि तो गोल आकडा जगभर रूढ झाला. चालणे चांगलेच आहे, पण दुखऱ्या गुडघ्याने आकड्यासाठी चालणे नव्हे, आणि आपले शरीर दुखते आहे हे ज्या माणसाला स्पष्ट कळत होते त्याला ते बाजूला सारायला लावणारी स्पर्धा आरोग्यासाठी आहे असे मला म्हणता येत नाही. गुडघ्याबद्दल वरिष्ठांना लेखी कळवून स्पर्धेतून तात्पुरते बाहेर पडण्याचा सल्ला मी त्याला दिला, आणि काकांनी त्याच्यासोबत बसून मजकूर लिहून दिला.

२२ डिसेंबर २०२४, रविवार

शर्यतीची आखणी आज पक्की केली. कोठे यंत्राचे ऐकायचे आणि कोठे स्वतःचे, हे जागेनुसार ठरवले.

हाफ मॅरेथॉन माहीमच्या रेतीबंदरावरून पहाटे सुटते आणि सुरुवातीलाच वांद्रे-वरळी सागरी सेतू येतो. अंधार, वारा, हजारो माणसे आणि पुलावर धावण्याचा आनंद यांमुळे तेथे १४ चे श्रम ११ सारखे वाटतात. म्हणून पहिल्या पाच किलोमीटरना घड्याळ उघडे ठेवायचे आणि ठरलेल्या वेगापेक्षा पुढे जायचे नाही. वरळीनंतर पट्टी लावायची, कारण उंच इमारतींमध्ये उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून येतात आणि क्षणाक्षणाचा वेग भरकटतो. हाजीअलीनंतर पेडर रोडचा चढ आहे. तेथे वेगाला काही अर्थ नाही आणि नाडी श्रमाच्या मागून वाढते, म्हणून फक्त श्वास: चढभर १५ च्या वर जायचे नाही, दोन शब्द बोलता आले पाहिजेत. मरीन ड्राइव्हवर ज्याला जसे हवे तसे.

१९ जानेवारी २०२५, रविवार

सातहीजणांनी शर्यत पूर्ण केली. हात थकले आहेत, तरी आजच लिहिते.

सेतूवर माझे मन पुढच्या घोळक्याबरोबर धावू लागले होते आणि घड्याळ किलोमीटरमागे ४० सेकंद जास्त वेग दाखवत होते. अंगाला तो वेग जराही जाणवत नव्हता. मी आवरले. पेडर रोडच्या चढावर माझ्या पुढे गेलेल्यांपैकी पुष्कळजण केम्प्स कॉर्नरच्या आधीच चालू लागलेले दिसले, आणि मी सिस्टरशी दोन-दोन शब्द बोलत चढ पार केला. शेवटची रेषा ओलांडल्यावर घड्याळ न पाहता अंदाज सांगितला: २ तास २५ मिनिटे, सरासरी नाडी १५५. पट्टी काढल्यावर २ तास २४ मिनिटे आणि १५८ निघाली.

ठाण्याचा मुलगा आमच्यानंतर १६ मिनिटांनी आला. मरीन ड्राइव्हवर त्याला पुन्हा अंगावर शहारा जाणवला. त्याने घड्याळ पाहिले तर नाडी त्याच्या नेहमीच्या पट्ट्यातच होती. ऑक्टोबरमध्ये लाल शाईने लिहिलेली ओळ आठवून तो थांबला, वैद्यकीय मदतकेंद्रावर बसला, डोक्यावर पाणी घेतले, मीठ-साखरेचे पाणी प्यायला आणि तेथील डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर उरलेले अंतर चालत आला. पदक गळ्यात पडल्यावर तो पहिल्यांदा काकांच्या पाया पडला. मला त्याचा अभिमान वाटतो.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

दुसरी फेरी सुरू करायची आहे, तीन नवे सदस्य येत आहेत. वहीत बदल केले: वेगाच्या अंदाजाचा रकाना आठवड्यातून एकदाच, झोपेचे गुण महिन्यातून एकदा सरासरी पाहण्यापुरते, आणि 'आज धावण्याची मला घाई आहे का?' हा नवा प्रश्न सकाळच्या शब्दाच्या आधी. नव्या सदस्यांनी पहिले चार आठवडे छातीचा पट्टा वापरावा असे वाटते, परंतु तीनच पट्टे आहेत, त्यामुळे आळीपाळीने द्यावे लागतील.

काकांना मुलीने वाढदिवसाला घड्याळ दिले. आज ते पहिल्यांदाच बांधून आले आणि धावायला लागण्यापूर्वी त्यांनी माझ्याकडून चिकटपट्टी मागून घेऊन पडद्यावर लावली. चार फेऱ्यांनंतर कट्ट्यावर बसून त्यांनी लिहिलेली ओळ अशी: 'श्रम ११, दम कळतो, डावी पोटरी ठीक, नाडी १३२ असावी.' पट्टी काढली तेव्हा घड्याळात १३९ होती. त्यांनी चष्मा पुसून तो आकडा शेजारच्या रकान्यात उतरवला आणि सात ठोक्यांचा फरक कोठून आला असेल ते विचारायला माझ्याकडे वळले.